मर्लची वाकडी मुरड

मर्ल ट्रेम्बाथने कुणाला "थँक यू" म्हटलं, की पोर्ट टॅरनमध्ये त्या माणसाची चौकशी सुरू व्हायची. काय रे, काही बिनसलं का? गाव सोडून चाललास का? कारण मर्ल नीट बोलायची ती फक्त परक्यांशी. आपल्या माणसांशी ती जे बोलायची ते सगळंच्या सगळं छापण्यासारखं नव्हतं, त्यामुळे इथेही निवडकच येईल.

शनिवारी फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातानेही झेलायच्या आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच आपल्या मैदानावर असली की क्लबच्या कॅन्टीनची पत्र्याची खिडकी वर जायची आणि त्या चौकटीत मर्ल उभी राहायची. कमरेला पिठाने माखलेला ॲप्रन, केसांवर जाळी, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी हिच्या पायावरून ट्रॅक्टर नेलाय. समोर लांबच लांब रांग. माणूस खिडकीशी पोचला की आधी त्याचा समाचार, मग पास्टी. पाद्र्याला ती म्हणायची, "तुमचं प्रवचन आणि माझं सारण, दोन्हींत मीठ कमी पडलं की लोक झोपतात, माझ्यात पडत नाही." बँकेच्या मॅनेजरला म्हणायची, "पोट आत घे, खिडकी अडते." शाळेतल्या बाईंची केसांची नवी ठेवण बघून तिने एकदा नुसताच सुस्कारा सोडला होता, बाई तो सुस्कारा आठवडाभर लोकांना करून दाखवत हिंडत होत्या. मर्लने आपल्याला काय म्हटलं हे गावात मिरवायची चीज होती. जिला काहीच म्हटलं नाही ती बिचारी गप्प राहून पास्टी खायची.

आता ही पास्टी म्हणजे काय? करंजीला एखादा दांडगा भाऊ असता आणि तो खाणीत कामाला जात असता, तर तो पास्टीसारखा दिसला असता. आत मांस, बटाटा, कांदा आणि पिवळा सलगम, वर जाड पारी, आणि कडेला मुरड. पोर्ट टॅरनमधल्या निम्म्या घरांचे पणजोबा तांब्याच्या खाणींसाठी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून बोटीने आले, ते सोबत दोन गोष्टी घेऊन आले: चर्चमधली गाणी आणि पास्टी. गाण्यांची चाल बदलली तर कुणी फारसं बोलत नाही. पण पास्टीत गाजर घालायचं नाही. ते का, हे कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि विचारणाऱ्याला जेवायला बोलावत नाहीत.

मर्लच्या पास्टीची खूण म्हणजे तिची वाकडी मुरड. तरुणपणी तिचा उजवा अंगठा गाडीच्या मागच्या फाळक्यात सापडला होता, तो तेव्हापासून वाकायचा नाही. सुरुवातीच्या दुमडी झकास पडायच्या, पण शेवटाला येईतो अंगठा संप करायचा. मग एक कोपरा उघडाच राहायचा. भट्टीत त्या कोपऱ्यातून रस बाहेर यायचा, पत्र्यावर जळायचा, आणि तिथे एक काळा, चिकट, कुरकुरीत कोपरा तयार व्हायचा, त्याला सगळे जबडा म्हणायचे. लोक त्या जबड्यासाठी भांडायचे. नवरा-बायकोत एक पास्टी घेतली, तर जबडा कुणाला गेला यावरून त्या घरातलं हवामान कळायचं.

खिडकीत मर्लच्या डाव्या हाताला क्लॅरी नँकर्विस उभा असायचा. उंच, सडसडीत, विधुर, बोलायला महाकंजूस. जन्मभर धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारांवर, बार्लीची प्रत ठरवायचं काम केलेला माणूस. कॅन्टीनमधली त्याची कामं तीन: कांदे चिरणं, सॉसची बाटली धरणं, आणि गिऱ्हाइकांची रांग संपली की उरलेल्या शिव्या खाणं. मर्ल त्याला "उकडलेल्या बटाट्या" म्हणायची. कधी "ठोंब्या". सणावारी "मुडद्या". क्लॅरी हे सगळं मान खाली घालून ऐकायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला जसंच्या तसं सांगायचा. शेजारच्या कुंपणापलीकडून ऐकलेल्यांची साक्ष आहे. कांदे चिरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नसे. मर्ल आजारी पडून एखाद्या शनिवारी आली नाही, की येत असे. त्याच्या मनात लग्नाबिग्नाचं होतं की नाही यावर गावात दोन तट होते आणि दोघांनी पैजा लावलेल्या होत्या.

आणि अशा या क्लॅरीने घोटाळा केला.

त्या वर्षी आमचा संघ फायनलला पोचला. अख्खी एक पिढी हे न बघता म्हातारी झाली होती. त्यातून फायनल नेमकी आमच्याच मैदानावर, कोरंडा गावच्या संघाशी. गावात लोकांना झोप लागेना. न्हाव्याने दुकानाचा खांब क्लबच्या रंगात रंगवला. मेंढ्यासुद्धा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दिसल्या, त्यामागे कुणाचा हात होता ते सगळ्यांना ठाऊक आहे.

क्लबची सेक्रेटरी टॅमसिन हॉब्डे. ॲडलेडहून लग्न करून आलेली, हुशार, कामसू, आणि कुणाचं मन दुखवायचं नाही असं ठरवून उठणारी मुलगी. तिने क्लबचं इंटरनेटवर पान उघडलं होतं आणि लोकांना तारे द्यायला सांगितलं होतं. फायनलच्या आधीच्या मंगळवारी क्लबात बैठक होती. तिथे तिने, पाहुणे येणार आहेत तर आपल्याला सुधारणेला वाव कुठे आहे ते बघू, असं म्हणून एक अभिप्राय मोठ्याने वाचला. शहरी, सपाट, बातम्या वाचल्यासारख्या आवाजात.

"एक तारा. पास्टी गरम, शिव्या ताज्या. बाईंनी मला सगळ्या रांगेसमोर निकामी म्हटलं. अशी वागणूक जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही."

लोक हसायला लागले होते, पण टॅमसिनचा चेहरा इतका गंभीर होता की हसू घशातच राहिलं. खाली नाव नव्हतं. मर्लने केसांची जाळी काढली, तिची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बरोबर आहे. लोकांना त्रास होत असेल तर बदलायला हवं. थँक यू, टॅमसिन."

खोलीत थंडी पसरली.

क्लॅरी मागच्या बाकावर बसला होता. त्याने शेजारी बसलेल्या पेंगोला, म्हणजे आमचा कप्तान पेंगली, त्याला हळूच विचारलं की या ताऱ्यांमध्ये चांगला तारा कोणता.

"पाच," पेंगो म्हणाला. "एक म्हणजे तोंडावर थुंकणं. कोण हलकट आहे कोण जाणे."

क्लॅरीचं बूड बाकाला चिकटलं ते चिकटलंच. जन्मभर त्याने ट्रकमधली बार्ली मुठीत घेऊन, दाताखाली चावून प्रत लिहिली होती. एक नंबर म्हणजे सगळ्यांत वरची, दारूच्या कारखान्यात जाणारी. पाच नंबर डुकरांना. पुतणीच्या फोनवर त्याने अर्धा दिवस खपून ते चार शब्द टाईप केले होते आणि मोठ्या अभिमानाने, जपून, एकाच ताऱ्यावर बोट टेकवलं होतं.

तेव्हाच उठून सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण क्लॅरी उठला नाही. त्याला भीती वाटली. मर्ल शिव्या घालेल याची भीती कसली, तेवढ्यासाठी तर तो जगत होता. भीती ही, की ती शिव्या घालणार नाही. नुसतं "हरकत नाही" म्हणेल.

बुधवारी कॅन्टीनमध्ये तयारी सुरू झाली आणि मर्ल म्हणाली, "मिस्टर नँकर्विस, कांदे फार सुंदर चिरलेत हं तुम्ही."

क्लॅरी कांद्याच्या पोत्यावर खाली बसला.

गुरुवारी संघाचा सराव होता. सरावानंतर मर्लने पोरांना सूप दिलं, प्रत्येकाला नॅपकिन दिला आणि दमलात का म्हणून विचारलं. पोरं घाबरली. पेंगोने वाटी खाली ठेवून तिची विनवणी केली, "मिसेस टी, एकदा तरी म्हणा ना की माझे हात लोण्याचे आहेत."

"तू तुझ्या परीने छान प्रयत्न करतोस, बाळा," मर्ल म्हणाली.

त्यानंतर पेंगोला एक चेंडू झेलता आला नाही. जो हातात यायचा तो निसटून जायचा. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणारे म्हातारे एकमेकांकडे बघेनात.

मग गावाने कंबर कसली. मर्लला चिडवायचं. बँकेच्या मॅनेजरने तिच्या जागेवर आपली गाडी आडवी लावली. तिने आपली गाडी लांब चर्चपाशी लावली आणि चालत आली, व्यायाम बरा असतो म्हणाली. पाद्री पास्टीबरोबर सुरी आणि काटा मागून बसला, जे आमच्याकडे मयताच्या घरीही कुणी करत नाही. तिने सुरी दिली, काटा दिला, वर प्लेटखाली कागदाची नक्षी घातली. पाद्री ती पास्टी सुरीने कापताना अगदी केविलवाणा दिसत होता.

सगळ्यांत वाईट बातमी शुक्रवारी फुटली. मर्लने टॅमसिनला सांगितलं, की शनिवारनंतर खिडकी दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी. मोठ्या रस्त्यावरच्या बेकरीत यंत्र आहे, त्यांच्या पास्ट्या एकसारख्या होतात, त्यांना सांगा. आणि शुक्रवारी तिने ज्या पास्ट्या केल्या त्यांच्या कडा काट्याच्या टोकांनी दाबून बंद केल्या होत्या. सरळ, सारख्या, शाळेच्या वहीच्या समासासारख्या. कोपरा बंद. रस आतच. जबडा नाही.

क्लॅरीने त्या पास्ट्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग तो बाजारात गेला आणि त्याने काय विकत घेतलं ते भाजीवाल्या बाईने तासाभरात अर्ध्या गावाला सांगितलं, फक्त कशासाठी ते तिला कळलं नाही. विधुर माणूस, कुत्रीला घालत असेल.

शनिवार उजाडला आणि मैदानाभोवती गाड्यांचा गराडा पडला. आमच्याकडे गाड्या मैदानाकडे तोंड करून लावतात, लोक आत बसून बघतात आणि गोल झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. ट्रक, उघड्या हौद्याच्या गाड्या, एक अग्निशमन दलाची लाल गाडी, आणि पांढऱ्या फिती काढायला वेळ न मिळालेली एक लग्नाची गाडीसुद्धा. पहिला गोल कोरंडाने मारला तेव्हा त्यांच्या बाजूच्या हॉर्नांनी जेटीवरचे सगळे पेलिकन उडाले. आमचा झाला तेव्हा ते परत बसायचे राहिले. पोरं धावत होती, आपटत होती, उठून परत धावत होती. पण चेंडू हातात टिकत नव्हता. पेंगोच्या हातातून तर तो साबणासारखा निसटत होता. खेळाचा शेवटचा पाव भाग उरला तेव्हा आम्ही बरेच मागे होतो आणि आमच्या बाजूच्या गाड्या गप्प झाल्या होत्या.

तो सुरू होण्याआधीच्या सुट्टीत कॅन्टीनवर सगळ्यांत मोठी झुंबड उडते. मर्ल खिडकीत हसतमुखाने उभी. "या, कसे आहात? एक का दोन? काळजी घ्या, गरम आहे." लोक पास्टी घेऊन पाय ओढत परत जात होते. क्लॅरी खाली वाकला आणि त्याने फळीखालून, चहाच्या फडक्याखाली झाकलेला आपल्या घरचा ट्रे काढून पास्ट्यांच्या जागी सरकवला.

त्या पास्ट्या त्याने आयुष्यात पहिल्यांदा केल्या होत्या. त्यांचं वर्णन करणं अवघड आहे. एक बुटासारखी होती. एक झोपलेल्या कांगारूसारखी होती. मुरड म्हणून जे काही होतं ते जखमेला टाके घातल्यासारखं दिसत होतं. मर्लने न बघता त्यातली एक उचलली, कागदी पिशवीत घालायला गेली, आणि पास्टी तिच्या हातात फुटली. एक नारिंगी तुकडा बाहेर पडला, खिडकीच्या फळीवर गडगडत गेला आणि पाद्र्याच्या पुढ्यात जाऊन थांबला.

पाद्र्याने टोपी काढली.

रांगेतल्या पुढच्यांनी मागच्यांना कुजबुजत सांगितलं, आणि ते कुजबुजणं मैदानाच्या कडेकडेने गाड्यांपर्यंत गेलं. मर्लने तो तुकडा उचलला, उजेडाकडे धरला.

"मिस्टर नँकर्विस, हे काय आहे?"

"गाजर," क्लॅरी म्हणाला.

"कुणी घातलं?"

"मी." त्याने सॉसची बाटली खाली ठेवली. "आणि तो तारा पण मीच दिला. एकच. बार्लीत एक नंबर सगळ्यांत वरचा असतो, मर्ल. मला वाटलं तसंच असेल. तू मला निकामी म्हणालीस ना, त्या दिवशी मी इतका... जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही, ते मी कौतुकाने लिहिलं होतं."

मर्लने गाजर मुठीत घट्ट धरलं. तिच्या गळ्यावरून एक लाली वर चढायला लागली. हनुवटीपर्यंत आली. कानांपर्यंत गेली. केसांच्या जाळीखाली काहीतरी हललं, असं पुढे उभे असलेले शपथेवर सांगतात. तिने तोंड उघडलं. ते "हरकत नाही" म्हणण्यासाठीच उघडलं असावं, कारण ओठ तसे वळले होते, आणि क्लॅरीने डोळे मिटून घेतले.

"मुडद्या," मर्ल म्हणाली.

क्लॅरीने डोळे उघडले.

"मेल्या, ठोंब्या, सायलोतल्या उंदरा, चार दिवस. चार दिवस मी गोड बोलतेय, माझे दात किडायची वेळ आली, जबडा दुखून दुखून रात्रीची झोप गेली, आणि तो तारा तुझा? उकडलेल्या बटाट्या, तुला आकडे कळत नाहीत तर बोट खिशात ठेवायचं. आणि हे काय केलंयस? ही पास्टी आहे? मेलेल्या वटवाघळाला याहून बरी मुरड असते. आणि गाजर. माझ्या खिडकीत गाजर. तुझ्या पणजीने हे बघितलं असतं तर बोटीतूनच समुद्रात उडी मारली असती."

हे सगळं ती ओरडून म्हणाली असं म्हणता येणार नाही. तिचा आवाजच तसा आहे. तो मैदानाच्या मधोमध पोचला, जिथे आमची पोरं गुडघ्यांवर हात टेकून कोंडाळं करून उभी होती आणि कोच काहीतरी सांगत होता. पेंगोने मान वर केली. फाटक वाजल्यावर कुत्रा जशी करतो तशी.

"मिसेस टी बरी झाली," तो म्हणाला.

मर्लला तो दिसला. ती कॅन्टीनचं दार उघडून, ॲप्रनसकट, हातात गाजर तसंच घेऊन मैदानाच्या कडेपर्यंत गेली. "आणि तू रे, पेंगली. लोण्याचे हात घेऊन फायनलला आलास? लोणी असतं तर निदान पावाला तरी लावलं असतं. तुझ्यापेक्षा माझा हा मोडका अंगठा बरा झेलेल. बघता काय सगळे माझ्या तोंडाकडे? पळा."

ती पोरं पळाली, देवा. त्या शेवटच्या पाव भागाबद्दल आजही हॉटेलात कुणी बोलायला लागलं की ग्लास खाली ठेवले जातात. पेंगोने तीन माणसांच्या खांद्यांवरून उडी घेऊन चेंडू झेलला. एक गोल. हॉर्न. लगेच दुसरा. अग्निशमनवाल्यांनी सायरन लावला, तो नंतर बंद होईना. पाद्री बँकेच्या मॅनेजरच्या गाडीच्या टपावर उभा राहून जे ओरडत होता ते प्रवचनात बसणारं नव्हतं. टॅमसिन हॉब्डे, जी कुणाचं मन दुखवायचं नाही असं ठरवून उठायची, ती पंचाला, तुमची आजी तरी याहून चांगलं बघत असेल असं म्हणाली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या पाठीवर थाप पडली. त्या दिवसापासून ती गावची झाली. आणि प्रत्येक गोलानंतर खिडकीत परत गेलेली मर्ल काहीतरी बोलत होती, आणि प्रत्येक वाक्याला क्लॅरी मान हलवत होता, गालावरून पाणी वाहत असताना. कांदे तर केव्हाच संपले होते.

शेवटी एका गोलाचं अंतर राहिलं. चेंडू पेंगोच्या हातात, समोर खांब, वेळ संपल्याचा भोंगा वाजायला आलेला. त्याने लाथ मारली. चेंडू गेला, सुंदर गेला, उंच गेला, वळला, आणि खांबाला लागून टणकन परत आला. गोलाचे सहा गुण मिळतात, खांबाला लागलेल्याचा एकच. आम्हाला सहा हवे होते. भोंगा वाजला. आम्ही हरलो.

दोन्ही संघांची पोरं होती तिथेच गवतावर आडवी झाली.

"पेंगली," कॅन्टीनच्या खिडकीतून आवाज आला, "एवढा रुंद गोल सोडून तुला तो काठीएवढा खांब बरा सापडला. मुद्दाम नेम धरून कुणाला जमायचं नाही ते."

पेंगो मैदानावर उताणा पडला होता, तो पडल्या पडल्याच हसायला लागला. मग त्याच्या शेजारी पडलेला कोरंडाचा माणूस हसायला लागला. मग कुणीतरी हॉर्न दाबला, आणि मग सगळ्यांनीच, त्यांच्या बाजूनेही, आमच्या बाजूनेही. जिंकलं कोण हे न सांगता कुणाला आणून उभं केलं असतं, तर त्याने आमचं नाव घेतलं असतं.

त्या संध्याकाळी खिडकीपुढची रांग फाटकाच्या बाहेर गेली. कोरंडाची पोरं चषक घेऊन रांगेत उभी होती. त्यांच्या कप्तानाला मर्ल म्हणाली, की तो डबा बाजूला ठेव, त्यात सूप वाढता येत नाही. तो खिडकीवरून निघाला तेव्हा चषक मिळाल्यापेक्षा जास्त खूष दिसत होता. सरळ कडांच्या पास्ट्या कुणी घेईना. सगळे क्लॅरीच्याच मागत होते, ते बूट आणि तो कांगारू, गाजरासकट. मर्ल एकेक देताना प्रत्येकाची माफी मागायची आणि लगेच क्लॅरीला शिवी द्यायची.

शेवटची उरली ती तिने स्वतः घेतली. तिघांनी पाहिलंय: आधी तिने सगळे गाजराचे तुकडे निवडून फळीवर ओळीने ठेवले, मग पास्टी खाल्ली, मग इकडेतिकडे बघून ते तुकडेही खाल्ले.

"सोमवारी सकाळी घरी ये," ती क्लॅरीला म्हणाली. ती ट्रे खरवडत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. "मुरड घालायला शिकवते. असलं काही परत माझ्या भट्टीत गेलेलं मला चालायचं नाही."

क्लॅरीने बराच वेळ फडकं पिळलं. मग विचारलं, "आणि तो तारा? पुतणी म्हणते बदलता येतो. पाच करू?"

मर्लने जळलेला, काळा, चिकट कोपरा पत्र्यावरून सोडवला, मोडून दोन भाग केले आणि मोठा त्याच्या हातावर ठेवला.

"एकच राहू दे, बटाट्या," ती म्हणाली. "बार्लीतला."